वाफसा पाहून पेरावे : सावता महाराजांच्या मुलखातील माघ



माघ लागला, की आपल्याकडे दोन गोष्टींची ओढ एकाच वेळी लागते. एक माघी वारीची आणि दुसरी उन्हाळी भाजीच्या वाफ्यांची. वसंत पंचमीला पंढरपुरात श्रीविठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. त्यानंतर सहा दिवसांनी माघ शुद्ध एकादशी येते. याच दिवसांत पहाटेचा गारवा ओसरू लागतो, दुपारचे ऊन चटका देऊ लागते आणि शेतकरी भेंडी, गवार, काकडी, दोडका यांचे बी काढून ठेवतो. पण हात मात्र अडखळतो. आभाळ एकदम भरून येते, वारे फिरते, कुठेतरी गारा पडल्याची बातमी येते. घरातले जाणते माणूस म्हणते, "यंदा राहू द्या. हवेचा काही भरवसा नाही."

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी या माघात हेच बोलणे चालले असेल. कोणाचा दहा गुंठ्यांचा मळा असेल, कोणाच्या घरामागे चार वाफे असतील. पेरावे की थांबावे? हा प्रश्न शेतीचा तर आहेच, पण आपण वारकरी म्हणवतो म्हणून तो आपल्या भक्तीचाही आहे. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जायचे कारण नाही. कुर्डुवाडीच्या आसपासची दोन गावे आणि त्या गावांचे दोन संत पुरेसे आहेत.

कुर्डुवाडी म्हटले, की जुन्या वारकऱ्यांना आठवते ती छोटी गाडी. पुणे-सोलापूर मार्गावरच्या या स्टेशनाला पूर्वी बार्शी रोड म्हणत. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली येथून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1906 साली ती पंढरपूरला पोचली. मुंबई-पुण्याकडचा वारकरी मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचा, टाळ-पताका सांभाळत छोट्या गाडीत बसायचा आणि डब्यात भजन सुरू व्हायचे. पुढे हे रूळ रुंद झाले, पण वाट तीच राहिली. या वाटेला लागले, की लऊळ येते आणि पुढे मोडनिंब. मोडनिंबाजवळ अरण आहे. लऊळ हे कूर्मदासांचे गाव आणि अरण हे सावता महाराजांचे. हे सारे माढे तालुक्यात. दर्शनाच्या घाईत आपण ज्या रानातून झरझर निघून जातो, त्या रानातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी या रानाचा स्वभाव समजून घ्या. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो आणि त्याच्या पाठीशी असलेल्या सोलापूर जिल्ह्याला उरलासुरला पाऊस मिळतो. वर्षाची सरासरी साधारण 550 मिलिमीटर, तीही नेमाने पडेल असे नाही. जूनचा पाऊस हुलकावणी देतो, खरा भर सप्टेंबरवर असतो. तोही चुकला, तर विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवतात. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला. 1896-97 मध्ये पुन्हा तेच झाले. 1972 चा दुष्काळ तर आजही आजोबांच्या बोलण्यात येतो. खडी फोडली, सुकडी खाल्ली, जनावरे छावणीला नेली, हे सांगणारी माणसे अजून आपल्या दिंडीत चालतात.

पण याच मुलखाची दुसरी बाजूही पाहा. आष्टीचा तलाव इथे एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळी कामांतून उभा राहिला. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी पाटी उचलली, ती पुढच्या पिढीच्या भिजलेल्या रानासाठी. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले, 1980 साली ते पूर्ण झाले आणि ज्या माळावर ज्वारीही कशीबशी यायची तिथे ऊस आणि केळी उभी राहिली. तरी हवेचा लहरीपणा काही गेला नाही. 2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. सोलापूर जिल्ह्यातही द्राक्षे, डाळिंबे आणि भाजीचे मळे झोडपून निघाले. काढणीला आलेले पीक डोळ्यांदेखत मातीला मिळाले. धरणाने पाणी दिले, पण आभाळाची हमी कोणालाच देता आली नाही.

म्हणजे "हवेचा भरवसा नाही" हे वाक्य आजचे नाही. या रानात जो जो पेरत आला, तो भरवशाशिवायच पेरत आला. सातशे वर्षांपूर्वी अरणच्या मळ्यात मोट हाकणारा माळीही त्यांतलाच एक होता.

सावता महाराजांचा जन्म शके 1172 चा, म्हणजे इसवी सन 1250 चा. आजोबा दैवू माळी अरणला येऊन राहिले. वडील परसोबा आणि आई नांगिताबाई यांनी शेती आणि विठ्ठलभक्ती दोन्ही मुलाच्या हाती दिली. जवळच्याच भेंड गावची जनाबाई ही त्यांची पत्नी. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळात ते वयाने वडीलधारे होते. शके 1217 च्या आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे 1295 साली, त्यांनी अरणलाच देह ठेवला. काशिबा गुरव यांनी त्यांचे अभंग लिहून ठेवले. त्यांतले सुमारे 37 आज आपल्यापर्यंत पोचले आहेत. संख्या थोडी आहे, पण एका माळ्याने आपल्या भाजीपाल्यात आणि मोटेच्या दोरीत विठ्ठल पाहिला, ही गोष्ट त्यांतून घरोघरी गेली.

त्या काळचा मळा डोळ्यांपुढे आणा. वीज नाही, पंप नाही. विहिरीवर कातड्याची मोट, बैलांची जोडी, धावेवरून बैल पुढे गेले की मोट वर यायची, थारोळ्यात पाणी पडायचे आणि पाटाने वाफ्यात जायचे. दारे धरणारा माणूस वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचा. असे दिवसभर. कोरडवाहू रानात एकदा पेरले की पावसाची वाट पाहता येते. भाजीच्या मळ्याला ती सवड नाही. रोज पाणी, रोज खुरपणी, रोज राखण. भाजीचा मळा एक दिवस सोडला, तर तो दुसऱ्या दिवशी तसे दाखवून देतो. माळ्याचा नेम हा वारकऱ्याच्या नेमासारखाच असतो. त्यात खंड पडून चालत नाही.

म्हणूनच सावता महाराज पंढरीला वारी करीत नसत, असे परंपरा सांगते. पंढरपूर काही लांब नव्हते, पायी एका दिवसाची मजल. तरी ते मळ्यातच राहिले. याचा अर्थ त्यांनी वारीला कमी लेखले असा कोणी काढू नये. त्यांनी मळ्यालाच पंढरी मानले, आणि पंढरीनाथाने ते मान्य केले. आजही साऱ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण सावता महाराजांची पालखी येत नाही. आषाढी आटोपली, की त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी अरणला भेटीसाठी जाते. देव माळ्याकडे जातो, ही आपल्या संप्रदायाने शतकानुशतके जपलेली रीत आहे.

आता दुसऱ्या संताकडे वळू, कारण त्यांची आणि सावता महाराजांची कथा एकमेकींत गुंतलेली आहे. पैठणच्या कूर्मदासांना हात-पाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि ते पोटावर सरपटत निघाले. माणसाला जी वाट काही दिवसांची, तिला त्यांना महिने लागले. लऊळपर्यंत आले आणि कार्तिकी जवळ आली. पुढची मजल या देहाने वेळेत होणार नाही हे त्यांना कळले. त्यांनी वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला. महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'ने ही कथा आपल्याला दिली. देव ज्ञानोबा-नामदेवांना सोबत घेऊन कूर्मदासांच्या भेटीला निघाले आणि वाटेत अरणला सावता महाराजांच्या मळ्यात शिरले. "माझ्यामागे कोणी लागले आहे, मला लपव," असे देव म्हणाले. तेव्हा या माळ्याने हातातल्या खुरप्याने आपली छाती चिरली आणि देवाला हृदयात ठेवले. बाहेर नामदेवराय देवाला शोधत कासावीस झाले.

ही कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. आज तिच्यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली गोष्ट ते खुरपे. देव आला तेव्हा सावता महाराजांच्या हातात जपमाळ नव्हती, खुरपे होते. म्हणजे खुरपणी चालू होती. कार्तिकाचा महिना, परतीचा पाऊस नुकताच संपलेला, तण माजलेले. जे काम त्या दिवशी करायचे तेच ते करीत होते. देवाच्या येण्याची चाहूल म्हणून त्यांनी काम थांबवले नव्हते आणि आभाळाकडे पाहून टाळलेही नव्हते.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. देव मळ्यात येऊन गेला, पण त्यामुळे त्या वर्षी पीक दुप्पट आले, कीड लागली नाही, गारा शेजारच्या रानात पडल्या, असे ही कथा कुठे सांगत नाही. कथाकाराला तसे सांगणे अवघड नव्हते. ऐकणारे आपल्यासारखेच शेतकरी, त्यांना ते आवडलेही असते. पण कथा सांगते ती एवढेच, की मळ्यात देव आला. पीक वाचेल हे आश्वासन त्यात नाही. कूर्मदासांनाही नवे हात-पाय मिळाले असे कथा सांगत नाही. ते जिथवर पोचले तिथे देव आला.

वारकऱ्याने हे नीट धरून ठेवायला हवे. "मी माळ घातली आहे, एकादशी करतो, मग माझ्याच वाफ्यावर गारा का?" असे दुःखात मनात येते. येणारच. पोटच्या पोरासारखे वाढवलेले पीक डोळ्यांसमोर जाते, तेव्हा कोणाच्याही मनात येईल. पण सावता महाराजांनी देवाशी हवेचा सौदा केलेला नव्हता. भक्ती म्हणजे पिकाचा विमा नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पेरणी केली, कारण ती माळ्याची सेवा होती. आणि पिकाची हमी मिळेपर्यंत पेरायचे नाही असे या रानात कोणी ठरवले असते, तर अरणला मळाच नसता आणि देवाला शिरायला जागा नसती.

इतिहासाची आणखी एक खूण सांगतो. सावता महाराजांच्या नावे आपण जो भाजीपाल्याचा अभंग गातो, त्यात मिरचीचे नाव येते. मिरचीचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. 1498 साली पोर्तुगीज समुद्रमार्गाने भारतात आले आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे पोचली. म्हणजे सावता महाराजांनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने. त्यांच्या काळी तिखटपणासाठी मिरे होते, आले होते. मग अभंगात मिरची कशी, असे कोणी विचारले तर गडबडून जाऊ नका. सातशे वर्षे मुखामुखांतून चालत आलेल्या अभंगात गाणाऱ्याच्या मळ्यातली भाजी येऊन बसली, तर त्यात नवल काय? मला तर यात मोठा आनंद वाटतो. कोणा माळ्याने परदेशातून आलेले अनोळखी बी हाती घेतले. या मातीत येईल का, या हवेत टिकेल का, याची त्याला काय खात्री होती? तरी त्याने ते लावले. ते इतके रुजले, की आज मिरचीवाचून आपली भाकरी गोड लागत नाही आणि ती नसलेला अभंग आपल्याला ओळखू येणार नाही. अभंगाचा मळासुद्धा असा पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला आहे.

आता कोणी म्हणेल, की देवावर हवाला ठेवून डोळे मिटून पेरावे, असे सांगता का? अजिबात नाही. सावता महाराज कसलेले माळी होते आणि कसलेला माळी डोळे उघडे ठेवून पेरतो. आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे, 'वाफसा'. पाऊस पडला किंवा पाणी दिले, की जमीन लगेच पेरायची नसते. चिखलात बी कुजते, तुडवली तर माती घट्ट होते. पार वाळू दिली, तर ढेकळे होतात. या दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती घेऊन दाबावी, गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच फुटावा. अवकाळी पाऊस झाला, तर तो हंगाम बुडाला असे समजू नका. दोन-चार दिवस थांबा, वाफसा पाहा आणि पेरा. थांबणे आणि टाळणे यांतला फरक वाफसा शिकवतो. माती तयार होईपर्यंत थांबणारा शहाणा, आणि आभाळाची हमी मिळेपर्यंत थांबणारा कायमचा थांबतो.

सगळे बी एकाच दिवशी टाकू नका. चार वाफे असतील तर आज एक, दहा-बारा दिवसांनी दुसरा, मग तिसरा. एका गारपिटीत एक वाफा जाईल, सगळे घर बसणार नाही. मेथी साधारण महिन्याभरात हाती येते, पालकही तेवढ्यातच, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत. ही लवकर येणारी भाजी आधी पेरा, म्हणजे घरात ताजे पान येते आणि मनाला धीर मिळतो. धणे रगडून दोन भाग करून पेरावेत. दोडका, कारली यांचे बी रात्रभर भिजवून मग टोकावे. भेंडी आणि गवारीला ऊब लागते, म्हणून पहाटेची थंडी सरल्यावर त्यांची टोकणी करा. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे गादीवाफ्यावर तयार करा. वाफा उंच असला की अवकाळीचे पाणी साचत नाही. आभाळ गच्च भरून आले, तर चार काठ्या रोवून वर जुने धोतर किंवा लुगडे ताणले तरी कोवळी रोपे पुष्कळ वाचतात. पुढे ऊन वाढले, की उसाचे पाचट नाहीतर वाळला पालापाचोळा बुडाशी पसरा, ओल टिकते. किडीसाठी पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्याचे शंभर लिटर द्रावण करावे. घरामागच्या चार वाफ्यांना याच मापाने थोडे केले तरी भागते.

आणि एवढे करूनही गारा पडल्या तर? तर आधी साचलेले पाणी काढा. मोडलेली पाने-फांद्या खुडून टाका. वाफसा आला, की वरची पापडी खुरप्याने फोडा, मुळांना हवा लागू द्या. जिथे रोप मेले तिथे नवे बी टोका. याला आपण नांग्या भरणे म्हणतो. कोणत्याही माळ्याला विचारा, नांग्या न भरता मळा उभा राहिल्याचे तो सांगणार नाही. दिंडीत एखादा थकला, मागे पडला, तर ओळ मोडून पडत नाही. मागचा पुढे येतो, जागा भरली जाते आणि दिंडी चालत राहते. वाफ्याचेही तसेच आहे.

राहिली वारीची गोष्ट. मळा सोडून माघीला जावे, की माघी सोडून मळ्यात राहावे, ही ओढाताण पुष्कळांची होते. ज्याचा नेम आहे त्याने तो चालवावा. वसंत पंचमीला मेथीचा वाफा टाकून निघालात, तर एकादशीला चंद्रभागेत स्नान होईपर्यंत घरी कोंब वर आलेले असतील. मागे पाणी द्यायला कोणीतरी असू द्या, म्हणजे झाले. आणि ज्याला यंदा निघता येणार नाही, घरात आजारी माणूस आहे, पाण्याची पाळी रात्रीची आहे, गारपिटीनंतर हातात पैसा नाही, त्याने मनाला लावून घेऊ नये. त्याच्यासाठी अरणची वाट आहे. मुखी नाम, हाती खुरपे. पंढरीचा राणा मळ्याची वाट ओळखतो, हे आपल्या परंपरेनेच सांगितले आहे.

तेव्हा माउली, या माघात आभाळाकडे एकदा पाहा, पण मातीकडे दोनदा पाहा. वाफसा असेल तर विठ्ठलाचे नाव घ्या आणि एक वाफा पेरा. पीक आले तर पहिली जुडी शेजारच्या ज्या घराचे पीक गेले असेल तिथे पोचवा, तोच नैवेद्य. नाही आले तर नांग्या भरा. लऊळ आणि अरणच्या मधल्या रानात सातशे वर्षे हेच चालत आले आहे, आणि म्हणून ते रान अजून हिरवे आहे.

रामकृष्णहरी.